आधी अर्थ, मग अक्षर

इतिहासाच्या शिक्षकाने व्याकरणावर लिहावे, हे काहींना वावगे वाटेल. परंतु व्याकरणालाही इतिहास असतो, आणि दुसऱ्याच्या व्याकरणातील चूक काढण्याच्या सवयीला तर फार जुना इतिहास आहे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. गावकीचे, भावकीचे, माजी विद्यार्थ्यांचे, कर्मचाऱ्यांचे गट आहेत. जी माणसे कालपर्यंत सहीपलीकडे काही लिहीत नव्हती, ती आज रोज लिहीत आहेत आणि चारचौघांत आपले मत मांडत आहेत. ही लहान घटना नव्हे. परंतु अशा चर्चेत कोणी एखादा मुद्दा मांडला, की दुसरा कोणी त्याची वेलांटी, त्याचा उकार, त्याचा 'ण' आणि 'न' दाखवून देतो आणि चर्चा तेथेच संपते. ही दुरुस्ती केव्हा शिक्षण ठरते आणि केव्हा शिक्षा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

१. एक कबुली

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना तेथील माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वसतिगृहाच्या दुरुस्तीविषयी चर्चा चालू होती. भिंतींना रंग कोणता द्यावा, नामफलक कोठे लावावा, यावर बरेच लिहून झाले होते. तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिले, "रंगाचं नंतर बगा. पान्याच्या टाकीची पाहनी करा. तळाला चीर हाय. सांडपान्याचा पाईप शेजारनंच जातो." हा विद्यार्थी नववीत शाळा सोडून नळजोडणीच्या कामाला लागला होता. त्या गटातील शंभरेक माणसांत टाकी आणि पाईप यांतले कळणारा तो बहुधा एकटाच होता.

मी त्याला मराठी शिकवले नव्हते, इतिहास शिकवला होता. तरीही माझ्यातील शिक्षक जागा झाला. मी लिहिले, "पान्याच्या नव्हे, पाण्याच्या. पाहनी नव्हे, पाहणी. हाय नव्हे, आहे. आपल्या वसतीगृहाचे नाव राखा." कित्येकांनी हसरे चेहरे टाकले. नंतर चर्चा पुन्हा रंगाकडे वळली. टाकीविषयी कोणीही एक शब्द लिहिला नाही. मीही नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर टाकी रिकामी केली, तेव्हा चीर त्याने सांगितली होती तेथेच निघाली. सुदैवाने कोणी मूल आजारी पडले नव्हते. त्या दिवसानंतर तो मात्र गटावर एकदाही लिहिता झाला नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, टाकीला कोणता लेप लावावा तेही सांगितले. निघताना म्हणाला, "सर, वहीत तुम्ही तांबड्या शाईनं लिवायचा, त्याचं कधी वाईट वाटलं न्हाई. पर गटावरचं माझी पोरगी मला वाचून दाखवते. ती वाचता वाचता थांबली."

घरी येऊन मी तो संदेश पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आले, की माझ्या दुरुस्तीतच एक चूक होती. मी 'वसतीगृह' लिहिले होते. 'वसति' हा तत्सम शब्द सुटा लिहिताना दीर्घ होतो, परंतु समासाच्या आरंभी तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून 'वसतिगृह' हेच नियमाप्रमाणे बरोबर. शंभर जणांनी माझा संदेश वाचला, त्यांत कित्येक पदवीधर होते, पण माझी चूक कोणाच्याही डोळ्यांत आली नाही. त्याच्या तीन चुका मात्र सर्वांना दिसल्या. चूक अक्षरात असते. परंतु ती कोणाची पाहायची, हे माणूस पाहून ठरत असते. या प्रसंगातून मी हा पहिला धडा शिकलो.

२. 'शुद्ध' या शब्दाचे ओझे

आपण सहज म्हणतो, "शुद्ध बोल, शुद्ध लिही." हा 'शुद्ध' शब्द आपल्या समाजात निव्वळ भाषेपुरता कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. माणसाच्या ओंजळीने बाटणारे पाणी आणि माणसाच्या जिभेने बाटणारी भाषा, या दोन्ही कल्पना एकाच घरात वाढलेल्या आहेत. म्हणूनच ज्याच्या आजोबांनी पहिला 'शुद्ध' ऐकला आहे, त्याच्या नातवाला दुसरा 'शुद्ध' कानाला टोचतो.

यासाठी मी वर्गात 'शुद्ध-अशुद्ध' असे म्हणत नाही. 'प्रमाण लेखन' आणि 'बोलीतील लेखन' असे म्हणतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी व्यवहारासाठी मान्य केलेले माप. बाजारात किलोचे वजन ठरलेले असते, म्हणून शेर आणि पायली पापी ठरत नाहीत. एवढेच, की पावती किलोची होते.

३. नियम कोणी केले, केव्हा केले

नियम आकाशातून पडलेले नाहीत, हे इतिहास सांगतो. कित्येक शतके मराठीचा दैनंदिन राज्यकारभार मोडी लिपीत चालला. मोडी लिहिताना इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे, विरामचिन्हे नसत, शब्दांमध्ये जागाही सोडली जात नसे. ज्या पत्रांवर किल्ले दिले-घेतले गेले आणि तह ठरले, ती पत्रे आजच्या सहावीच्या शुद्धलेखनाच्या तासाला ठेवली तर क्वचितच उत्तीर्ण होतील. तरीही त्यांचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळत होता.

छापखाना आला, शाळा आल्या, क्रमिक पुस्तके आली, तेव्हा एकसारख्या लेखनाची गरज निर्माण झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. हेच दादोबा पुढे जातिभेद नाकारणाऱ्या परमहंस सभेच्या अग्रणींपैकी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्याकरणकार आणि जातिभिमानी हे समानार्थी शब्द नव्हेत.

आपण आज जे नियम पाळतो, ते त्याहून पुष्कळ अलीकडचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे. त्यांत १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली आणि एकूण १८ झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. 'नाहीं' चे 'नाही' झाले, 'कांहीं' चे 'काही' झाले, 'नांव' चे 'नाव' झाले. 'कवि' चा 'कवी' आणि 'बुद्धि' ची 'बुद्धी' झाली. याचा अर्थ असा, की एका पिढीला छडी खाऊन शिकावे लागलेले जे 'शुद्ध', ते पुढच्या पिढीत चुकीचे ठरले.

आता येथे एक प्रसंग जोडून पाहावा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. शूद्रातिशूद्रांना ज्ञानापासून कोणी आणि कसे दूर ठेवले, हा त्या ग्रंथातील सवाल होता. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तीत शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळा नाकारली त्यांची बाजू मांडणाऱ्याला शाळेचे व्याकरण येत नाही म्हणून हसणे, हा प्रकार त्या ग्रंथातील सवालाला उत्तर नव्हता. उलट तो सवाल खरा असल्याचा पुरावा होता.

या कथेला एक शेपूट आहे. महामंडळाच्या अठरा नियमांपैकी एक जुने उतारे छापण्याविषयी आहे. चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, मात्र चिपळूणकरांचे आणि त्यांच्यानंतरचे लेखन नव्या नियमांप्रमाणे बदलून छापावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे 'निबंधमाले'तील उतारा आजच्या पाठ्यपुस्तकात घ्यायचा, तर आधी त्यातील लेखन दुरुस्त करावे लागते. यात शास्त्रीबुवांचा उपमर्द नाही. त्यांनी त्यांच्या काळचे नियम पाळले. परंतु ज्याने दुसऱ्याच्या व्याकरणावर बोट ठेवले, त्याच्याही लेखनावर काळाने बोट ठेवले, एवढी नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य घ्यावी. जोतीरावांचा सवाल मात्र एकही अक्षर न बदलता आजही उभा आहे.

४. 'पाणी' आणि 'पानी'

ज्या शब्दावरून मी माझ्या विद्यार्थ्याला गप्प केले, त्याचीच कुळकथा पाहू. संस्कृतात 'पानीय' असा शब्द आहे. पालीतही 'पानीय' हाच शब्द आहे. दोन्ही ठिकाणी 'न' आहे. पुढे प्राकृतात 'पाणिअ' झाले आणि त्यातून मराठीला 'पाणी' मिळाले. म्हणजे जो 'ण' आज सुसंस्कृतपणाची खूण मानला जातो, तो संस्कृतातून आलेला नसून सामान्यांच्या प्राकृतातून आलेला आहे. आपल्या अनेक घरांत जो 'न' बोलला जातो, त्याला हसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. 'पानी' म्हणणारा अडाणी नाही आणि 'पाणी' म्हणणारा पंडित नाही. दोघांचीही तहान सारखीच असते.

बोलीतही विचारपूर्वक लिहिता येते, हे आपल्या साहित्याने सिद्ध केले आहे. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे आहे. त्या स्वतः शिक्षिका होत्या. 'माझ्या जन्माची' असे लिहिणे त्यांना येत नव्हते, असे कोणी म्हणेल काय? ज्या जगण्याची कथा सांगायची, ते जगणे ज्या शब्दांत झाले तेच शब्द त्यांनी ग्रंथाच्या माथ्यावर ठेवले. त्या शीर्षकावर तांबडी शाई चालवणारा माणूस ग्रंथाच्या पहिल्या पानापर्यंतही पोहोचणार नाही.

५. तथागतांची भूमिका

चर्चेत दुसऱ्याची भाषा दुरुस्त करण्याचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, सुंदर वाणीचे दोन भिक्खू बंधू तथागतांकडे आले. त्यांची तक्रार अशी, की नाना गोत्रांतून, नाना जातींतून आणि नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. तेव्हा ते छंदस् मध्ये, म्हणजे वेदांच्या भाषेच्या वळणाने बांधावे. तथागतांनी त्यांना दोष दिला आणि तसे करण्यास मनाई केली. बुद्धवचन 'स्वतःच्या भाषेत' शिकावे, अशी अनुज्ञा दिली. येथे 'स्वतःच्या' म्हणजे बुद्धांच्या, असा अर्थ अट्ठकथाकार बुद्धघोषांनी केला आहे. परंतु ज्या तक्रारीला हे उत्तर आहे ती पाहता, शिकणाऱ्याची स्वतःची भाषा हाच अर्थ मला सयुक्तिक वाटतो.

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्त तर या विषयावरचा पाठच आहे. एकाच भांड्याला कोठे 'पाति' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव'. माझ्या प्रदेशातील शब्दच खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरल्याने कलह होतो. ज्या प्रदेशात जो शब्द चालतो तो समजून घेऊन वापरल्याने कलह टळतो, असे तेथे सांगितले आहे. त्याच निकायातील किंति सुत्तात भिक्खूंच्या वादाचे प्रकार सांगितले आहेत. अर्थावर एकमत असून मतभेद केवळ शब्दांवर असेल, तर शब्द ही अल्प गोष्ट आहे, तिच्यापायी वाद वाढवू नये, असा उपदेश आहे.

परंतु यावरून अक्षराला काहीच किंमत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अंगुत्तरनिकायात सद्धम्माच्या ऱ्हासाची दोन कारणे सांगितली आहेत : शब्द आणि अक्षरे चुकीची मांडली जाणे, आणि अर्थ चुकीचा लावला जाणे. शब्द बिघडला की अर्थही बिघडतो. याचा अर्थ असा, की बोलीला हसू नये आणि अक्षराविषयी बेफिकीरही राहू नये. मध्यम मार्ग येथेही आहे.

६. अक्षराचे मोल

आपल्या वस्त्यांतील फलकांवर कधी कधी 'महापरिनिर्वाण दीन' असे लिहिलेले दिसते. 'दिन' म्हणजे दिवस. 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. ज्या महामानवाने आपले दैन्य घालवले, त्याच्या स्मृतिदिनाच्या फलकावर एका वेलांटीने दैन्य परत यावे, हे योग्य नव्हे. 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. अशा ठिकाणी दुरुस्ती केलीच पाहिजे, कारण तेथे अर्थ पणाला लागलेला असतो.

त्याहूनही अधिक पणाला लागते ते कागदपत्रांत. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे खाते यांतील नावांत एका अक्षराचा फरक पडला, तर शिष्यवृत्ती अडते, प्रवेश लांबतो आणि बापाची मजुरी बुडते. यातील पुष्कळशा चुका मुलाच्या नसतात; नाव नोंदवणाऱ्याने घाईत किंवा बेपर्वाईने केलेल्या असतात. चूक मोठ्या हाताची आणि भुर्दंड लहान हाताला, असा हा व्यवहार आहे. तांबडी शाई वापरण्याची खरी जागा ही आहे. प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरातील नाव पालकांना मोठ्याने वाचून दाखवावे, अक्षर न् अक्षर विचारून घ्यावे. ज्या शिक्षकाने एवढे केले, त्याने व्याकरणाची खरी सेवा केली असे मी समजतो.

बाबासाहेबांचे उदाहरण याही बाबतीत मार्गदर्शक आहे. शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकण्याची संधी नाकारली गेली आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले, पालीचा अभ्यास केला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतील सोळावा खंड पाली व्याकरणाचा आणि शब्दकोशाचा आहे. ज्या माणसाला एका भाषेचे दार बंद केले गेले, त्याने दुसऱ्यांसाठी एका भाषेचे दार उघडण्याचे परिश्रम घेतले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते. जे मुके केले गेले त्यांना वाचा फोडणे, हे त्याचे प्रयोजन. आपण त्यांचे अनुयायी असू, तर आपल्या दुरुस्तीने कोणी पुन्हा मुका होत नाही ना, हे तपासणे आपले पहिले कर्तव्य आहे.

७. दुरुस्ती कशी करावी

दुसऱ्याचा दोष दाखवण्यापूर्वी भिक्खूने पाच गोष्टींची खूणगाठ बांधावी, असे विनयपिटकात सांगितले आहे. योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही. खरे बोलेन, खोटे नाही. मृदू बोलेन, कठोर नाही. हिताचे बोलेन, निरर्थक नाही. मैत्रीच्या चित्ताने बोलेन, द्वेषाने नाही. शिवाय बोलण्यापूर्वी तो दोष आपल्यात तर नाही ना, हे पाहावे. या कसोट्या मी माझ्या त्या संदेशाला लावून पाहिल्या. तो खरा होता, एवढी एक कसोटी उतरली. तीही माझ्या 'वसतीगृहा'मुळे अर्धीच. बाकीच्या चारही कसोट्यांत मी नापास झालो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. पहिली, आधी मुद्द्याला उत्तर द्यायचे. टाकीला चीर आहे असे कोणी म्हटले, तर आधी टाकी पाहायची. दुसरी, अर्थ बिघडत नसेल तर चारचौघांत दुरुस्ती करायची नाही. आवश्यकच वाटली तर एकट्याला सांगायचे, आणि त्याला ती हवी आहे काय हे आधी विचारायचे. तिसरी, वहीत, अर्जात, दाखल्यात आणि फलकावर मात्र एकही चूक सोडायची नाही. कारण तेथे विद्यार्थ्याला प्रमाण लेखन येणे हा त्याचा हक्क आहे आणि ते शिकवणे हे माझे काम आहे. बोलीविषयी प्रेम दाखवून मुलांना प्रमाण भाषा न शिकवणे, हाही त्यांना मागे ठेवण्याचाच एक मार्ग आहे.

त्या विद्यार्थ्याची मी गटावर क्षमा मागितली. जेथे अपमान केला तेथेच. माझ्या संदेशातील चूकही दाखवली. दोन दिवसांनी त्याने लिहिले, "सर, लेप बसला का? पान्याला आता वास नाय ना?" या वेळी तिघांनी उत्तर दिले. तिघांनीही टाकीविषयीच लिहिले.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या घरात बोलले जाणारे, परंतु पुस्तकात वेगळ्या रूपात आढळणारे दहा शब्द लिहा. प्रत्येकासमोर प्रमाण रूप लिहा. आजी-आजोबांना विचारून त्या शब्दाचा नेमका अर्थ नोंदवा.

२. आपला शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार कार्ड यांतील नाव अक्षरशः ताडून पाहा. फरक आढळल्यास वर्गशिक्षकांना लगेच दाखवा.

३. गेल्या महिन्यात आपण कोणाची भाषा चारचौघांत दुरुस्त केली होती काय, ते आठवा. त्या वेळी त्याचा मुद्दा काय होता, हे एका वाक्यात लिहा. मुद्दा आठवत नसेल, तर तो त्याला पुन्हा विचारा.